डीपी ते मोटर: केबलचा रोध कशाने वाढतो, तो मोजायचा कसा आणि कमी करायचा कसा

बोअरची मोटर ओढत नाही, पाणी गेल्या वर्षीपेक्षा कमी पडते, स्टार्टरचा ओव्हरलोड रिले (करंट जास्त गेला की मोटर बंद करणारा) तासातासाला उडतो. स्टार्टरवर मीटर लावला तर ४१५ व्होल्ट दिसतात. मग दोष मोटरचा ठरतो, मोटर उपसली जाते आणि रिवाइंडिंगला जाते. यात बरेचदा एक साधी चूक झालेली असते, ती म्हणजे व्होल्टेज मोटर बंद असताना मोजलेले असते. केबलमधून करंट वाहत नसेल तर केबल कितीही बारीक असो, जोड कितीही कुजलेला असो, तिच्या टोकाला पूर्ण व्होल्टेज दिसणारच. व्होल्टेज पडते ते मोटर चालू झाल्यावर, करंट गुणिले केबलचा रोध इतके.

म्हणून मोटर उपसण्याआधी मोटर चालू ठेवून दोन ठिकाणी व्होल्टेज मोजून घ्या: एकदा वीजमीटरच्या पेटीजवळ आणि एकदा स्टार्टरवर. आर, वाय आणि बी ही तीन फेजची नावे. दोन्हीकडे तिन्ही जोड्या मोजा, म्हणजे आर-वाय, वाय-बी आणि बी-आर. दोन ठिकाणांतला फरक म्हणजे मधल्या केबलने खाल्लेले व्होल्टेज. पेटीजवळच ३६० येत असतील तर दोष तुमच्या केबलचा नाही, लाइनचा किंवा डीपीवरच्या (म्हणजे ट्रान्सफॉर्मरवरच्या) भाराचा आहे. पेटीजवळ ४१० आणि स्टार्टरवर ३८० असतील तर पुढचे सगळे तुमच्यासाठी आहे.

ही मोजमापे चालू वीजेवरची आहेत. ती जाणत्या वायरमननेच करावीत, कोरड्या लाकडी फळीवर उभे राहून, पायात रबरी बूट घालून. बाकीची सगळी मोजमापे वीज तोडून करायची आहेत: किटकॅट फ्यूज काढून खिशात ठेवायचे, टेस्ट लॅम्पने तिन्ही फेज मेल्याची खात्री करायची आणि कॅपॅसिटर असेल तर तो डिस्चार्ज करूनच हात लावायचा.

रोध ठरतो कशावर

शाळेत शिकलेले सूत्र इथे जसेच्या तसे लागू पडते: रोध = रोधकता × लांबी ÷ छेदाचे क्षेत्रफळ. रोधकता हा धातूचा गुण. लांबी मीटरमध्ये आणि क्षेत्रफळ चौरस मिलिमीटरमध्ये धरले तर २० अंश सेल्सिअसला तांब्याची रोधकता ०.०१७२, अॅल्युमिनियमची ०.०२८२, लोखंडाची साधारण ०.१ आणि हीटरच्या नायक्रोमची १.१ च्या आसपास. म्हणजे एक चौरस मिलिमीटर जाडीची एक मीटर तांब्याची तार ०.०१७२ ओहम रोध दाखवते आणि तेवढीच नायक्रोमची तार त्याच्या साठपटीहून जास्त. सूत्रात तापमान आणि जोड दिसत नाहीत, पण शेतावर पैसे जातात ते याच दोघांमुळे. त्यांच्याकडे पुढे सविस्तर येऊ.

लांबी

लांबी दुप्पट तर रोध दुप्पट, यात दुमत नाही. चूक होते ती लांबी धरताना. सिंगल फेज मोटरला करंट एका तारेने जातो आणि दुसरीने परत येतो, त्यामुळे १०० मीटर अंतर असेल तर हिशोबात २०० मीटर तार धरायची. थ्री फेजमध्ये प्रत्येक फेजची लांबी एकदाच धरायची. १०० मीटरवर एक एचपीची सिंगल फेज मोटर, करंट ७ अँपिअर, तांब्याची दीड स्क्वेअरची, म्हणजे दीड चौरस मिलिमीटर छेदाची वायर: पुढे दिलेल्या किलोमीटरच्या आकड्याप्रमाणे २०० मीटरचा रोध २.६६ ओहम, म्हणजे १८ व्होल्टपेक्षा जास्त घट. २३० मधले आठ टक्के गेले. अशी मोटर संध्याकाळी, गावात सगळ्यांचे दिवे लागल्यावर, उठत नाही आणि गुणगुणत बसते.

दुसरी चूक म्हणजे उरलेली केबल. बोअरची खोली ६० मीटर, केबल आणली १०० मीटरची, तर राहिलेली ४० मीटर गुंडाळून स्टार्टरच्या पेटीमागे टांगतात, 'पुढे लागेल' म्हणून. केबल गुंडाळल्याने तिचा रोध बदलत नाही. पण ती ४० मीटर मोटरच्या वाटेत फुकट बसलेली असतात आणि वेटोळ्यातली उष्णता बाहेर पडत नाही, त्यामुळे ती तापते आणि तापली की रोध आणखी वाढतो. जास्तीची केबल कापून घरात ठेवा.

लांबी कमी झाल्याने होणारे नुकसानही पाहून ठेवा, कारण सूत्र दोन्ही बाजूंनी चालते. शेगडीची कॉइल तुटली की ती ओढून पुन्हा जोडतात. २००० वॅटच्या शेगडीचा रोध २६.५ ओहम असतो. कॉइल १५ टक्के आखूड झाली की तो २२.५ होतो आणि शेगडी २३५० वॅटच्या आसपास वीज ओढू लागते. वायर आणि पिन तापतात आणि कॉइल पुन्हा तुटते, बहुतेक वेळा जोडापाशीच.

जाडी, म्हणजे स्क्वेअर

दुकानात 'चार एमएमची केबल द्या' म्हणतात, त्याचा अर्थ चार स्क्वेअर एमएम. हा तारेचा व्यास नाही, छेदाचे क्षेत्रफळ आहे. खरोखर चार मिलिमीटर व्यासाची तार १२.६ स्क्वेअरची होईल. जुने वायरमन अजून ३/२२ किंवा ७/२० असे बोलतात. त्यातला पहिला आकडा तारांची संख्या सांगतो आणि दुसरा गेज. ३/२२ म्हणजे सुमारे १.२ स्क्वेअर, ७/२० म्हणजे सुमारे ४.६ स्क्वेअर. गेजचा आकडा मोठा तेवढी तार बारीक.

मऊ, बहुतारी तांब्याच्या केबलसाठी दर किलोमीटरला चालणारा कमाल रोध, २० अंशाला, असा: दीड स्क्वेअरला १३.३ ओहम, अडीचला ७.९८, चारला ४.९५, सहाला ३.३०, दहाला १.९१ आणि सोळाला १.२१. दीड आणि अडीचसाठी काही कंपन्यांच्या तक्त्यांत १२.१ आणि ७.४१ हे थोडे कडक आकडे दिसतात. अॅल्युमिनियमसाठी दहा स्क्वेअरला ३.०८, सोळाला १.९१, पंचवीसला १.२०. हे आकडे कागदावर लिहून पाकिटात ठेवण्यासारखे आहेत. पुढचा सगळा हिशोब यांच्यावरच आहे.

छापलेला स्क्वेअर खरा आहे का, हे दुकानातच तपासता येते. टोकाची इंचभर पीव्हीसी सोलून तारा मोजा. बहुतेक चांगल्या केबलमध्ये दीड स्क्वेअरला ०.३ मिलिमीटरच्या २२ तारा असतात, अडीचला ३६, चारला ५६, सहाला ८४. तारांची संख्या बरोबर निघाली म्हणून थांबू नका, एका तारेचा व्यास स्क्रूगेजने मोजा. क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गावर जाते, म्हणून ०.३० च्या जागी ०.२७ निघाले तर तांबे १९ टक्के कमी आणि ०.२६ निघाले तर तब्बल २५ टक्के कमी. डोळ्यांना हा फरक दिसत नाही, बोटांना लागत नाही. पीव्हीसीचा थर जाड करून केबल बाहेरून जाडजूड दिसेल अशी केलेली असते. पाच-सहा तारा मोजून सरासरी घ्या, एकीवर विसंबू नका.

धातू

तांबे की अॅल्युमिनियम, यावर गावात वाद होतात, पण हा किमतीचा आणि जागेचा प्रश्न आहे. अॅल्युमिनियमची रोधकता तांब्याच्या सुमारे १.६ पट, म्हणून तेवढीच तार जाड घेतली की काम सारखेच होते. दहा स्क्वेअर अॅल्युमिनियमचा ३.०८ ओहम हा आकडा सहा स्क्वेअर तांब्याच्या ३.३० च्या शेजारी ठेवून पाहा. इतकी जाड होऊनही अॅल्युमिनियमची तार वजनाला तांब्याच्या निम्म्याइतकीच भरते. डीपीपासून स्टार्टरपर्यंत जमिनीखालून आर्मर्ड (धातूचे कवच असलेली) अॅल्युमिनियम केबल टाकणे हा समजदारीचा निर्णय आहे. बोअरमध्ये मात्र जागा कमी, सतत पाणी आणि जोड पाण्याखाली, तिथे तांब्याचीच चपटी सबमर्सिबल केबल घ्यावी.

भेसळीची गोष्ट वेगळी. अॅल्युमिनियमच्या तारेवर तांब्याचा पातळ मुलामा चढवून ती तांब्याच्या भावाच्या आसपास विकली जाते. तिचा रोध खऱ्या तांब्याच्या दीडपट असतो. ओळखण्याचे दोन उपाय. एक तार ब्लेडने खरवडा, आत पांढरे दिसले तर मुलामा. आणि वजन करा: एक स्क्वेअर जाडीच्या एक मीटर तांब्याचे वजन ८.९६ ग्रॅम असते, म्हणजे दीड स्क्वेअरच्या ९० मीटर कॉइलमध्ये निव्वळ तांबे सुमारे १.२ किलो हवे. अख्ख्या कॉइलच्या वजनात पीव्हीसीही येते, म्हणून मीटरभर तुकडा पूर्ण सोलून सोन्याच्या काट्यावर तोला: दीड स्क्वेअरला १३.४ ग्रॅम भरायला हवा. मुलाम्याची तार याच्या निम्म्यालाही पोचत नाही.

भंगारातले तांबे नीट शुद्ध न करता ओढलेली तारही बाजारात असते. ती खरवडून लालच दिसते, वजनातही बरोबर भरते. पण फॉस्फरस किंवा लोखंडासारखी अशुद्धता थोडीशी असली तरी रोधकता बरीच वाढते. ती पकडायची तर रोधच मोजावा लागतो.

तापमान

तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.३९ टक्के वाढतो, अॅल्युमिनियमचा ०.४० टक्के. तक्त्यातले आकडे २० अंशाचे आहेत आणि आपल्याकडे शेतावर २० अंश तापमान जानेवारीच्या सकाळी असते. उन्हात काळ्या पीव्हीसीची केबल, वर तिचा स्वतःचा करंट, म्हणजे तांबे ५० अंशाला सहज जाते. तेव्हा रोध तक्त्यापेक्षा १२ टक्के जास्त. साध्या पीव्हीसीची मर्यादा ७० अंशांची असते. तिथे तांबे पोचले तर जवळजवळ २० टक्के जास्त. म्हणून केबल निवडताना तक्त्याचा आकडा जसाच्या तसा घेऊ नका. उघड्यावरच्या किंवा उथळ गाडलेल्या केबलसाठी १.१२ ने आणि बोअरमधल्या केबलसाठी १.०८ ने गुणा.

तापमानाचा परिणाम किती मोठा असू शकतो हे जुन्या पिवळ्या बल्बात दिसते. १०० वॅटचा बल्ब पेटलेला असताना त्याचा रोध ५२९ ओहम असतो, थंड बल्ब मल्टिमीटरवर ४० च्या आसपास दाखवतो. नायक्रोमचा रोध मात्र तापल्यावर फारच थोडा बदलतो, म्हणून हीटरची कॉइल त्याची करतात.

हाच गुण उलटा वापरून मोटरची वाइंडिंग किती तापली हे कळते आणि जमिनीवरच्या मोनोब्लॉकसाठी (मोटर आणि पंप एकत्र असलेल्या) ही पद्धत फार कामाची आहे. सकाळी थंड मोटरच्या दोन टर्मिनलमधला रोध मोजा आणि हवेचे तापमान लिहून ठेवा. मोटर दोन तास चालवून बंद करा, वीज तोडा आणि मिनिटभरात पुन्हा रोध मोजा. गरम रोधाला थंड रोधाने भागा, त्याला (२३४.५ + थंड तापमान) ने गुणा आणि त्यातून २३४.५ वजा करा. सकाळी २८ अंशाला २.०० ओहम आणि नंतर २.५० ओहम असेल तर १.२५ × २६२.५ − २३४.५, म्हणजे ९३.६ अंश. हात लावून 'गरम आहे' म्हणण्यापेक्षा हा आकडा कितीतरी जास्त सांगतो. फक्त दोन्ही वेळा मीटर तोच आणि लीड, म्हणजे मीटरच्या तारा, त्याच ठेवा.

खरा हिशोब: पाच एचपीची बोअर

समजा थ्री फेज सबमर्सिबल, नेमप्लेटवर ९ अँपिअर, पॉवर फॅक्टर (ओढलेल्या करंटपैकी प्रत्यक्ष कामी येणारा हिस्सा) ०.८. पेटीपासून स्टार्टरपर्यंत २२० मीटर दहा स्क्वेअर अॅल्युमिनियम. स्टार्टरपासून मोटरपर्यंत ८० मीटर अडीच स्क्वेअर तांबे.

अॅल्युमिनियम: ३.०८ × ०.२२ × १.१२ = ०.७६ ओहम. तांबे: ७.९८ × ०.०८ × १.०८ = ०.६९ ओहम. एका फेजचा एकूण रोध १.४५ ओहम.

व्होल्टेजची घट = १.७३ × करंट × रोध × पॉवर फॅक्टर, म्हणजे १.७३ × ९ × १.४५ × ०.८ = १८ व्होल्ट. ४१५ च्या ४.४ टक्के. पंपासाठी ३ टक्क्यांच्या आत राहावे असा आमचा आग्रह आहे, कारण मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गावर जातो: व्होल्टेज १० टक्के कमी झाले की जोर ८१ टक्क्यांवर येतो. डीपीवरच व्होल्टेज कमी असेल तर मोटर तेवढेच पाणी उचलायला जास्त करंट ओढते आणि त्या जास्त करंटने केबलमध्ये आणखी घट होते. दुखणे एकमेकांना वाढवते.

या हिशोबात एक गोष्ट नजरेत भरते. २२० मीटरची जाड केबल जेवढे खाते, जवळजवळ तेवढेच ८० मीटरची बारीक केबल खाते. फक्त बोअरमधली केबल चार स्क्वेअर केली तर घट १८ वरून १५ व्होल्टवर येते. फक्त २२० मीटर अॅल्युमिनियम सोळाचे केले तरी तेवढीच. मग आधी ८० मीटर बदलावी, हे उघड आहे. पण त्यासाठी मोटर वर काढावी लागते, म्हणून ती एरवी काढली जाईल त्याच दिवशी हे काम उरकावे. दोन्ही केबल बदलल्या तर घट ११ व्होल्ट, म्हणजे २.७ टक्के.

पैशांतही पाहा. केबलमध्ये जळणारी वीज = ३ × करंट × करंट × रोध. आधी ३ × ८१ × १.४५ = ३५२ वॅट, नंतर ३ × ८१ × ०.९० = २१९ वॅट. रोज आठ तास, वर्षाला २०० दिवस धरले तर २१३ युनिटची बचत. शेतीचा दर कमी असल्याने एवढ्यावर केबलचे पैसे लवकर फिटणार नाहीत, हे मान्य करून चालावे. खरा फायदा मोटर थंड राहण्यात आणि पाणी पूर्ण मिळण्यात आहे.

सुरू होताना मोटर सहापट करंट ओढते, तेव्हा याच केबलमध्ये क्षणभर पन्नास व्होल्टच्या पुढे घट होते. डायरेक्ट स्टार्टरवर मोटर कचकचत उठते ती म्हणून. स्टार-डेल्टा (आधी कमी व्होल्टेजवर सुरू करून मग पूर्ण व्होल्टेज देणारा स्टार्टर) असेल तर बोअरमध्ये दोन केबल, म्हणजे सहा तारा उतरतात आणि डेल्टामध्ये प्रत्येक तारेत लाइन करंटच्या ५८ टक्केच वाहतो. हिशोबात तोच आकडा घ्या.

रोध मोजायचा कसा

साध्या मल्टिमीटरच्या ओहमवर ठेवून केबल मोजू नका. त्याच्या दोन लीडचाच रोध ०.२ ते ०.५ ओहम भरतो आणि आपल्याला मोजायचे तेवढेच असते. त्यापेक्षा करंट सोडून व्होल्टेज मोजायची पद्धत खात्रीची. त्यासाठी १२ व्होल्टची बॅटरी, गाडीच्या इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब आणि शक्यतो दोन मल्टिमीटर लागतात.

१. बॅटरी, बल्ब, १० अँपिअरच्या सॉकेटवर लावलेला पहिला मीटर आणि केबलची कॉइल हे सगळे एकामागोमाग जोडा. बल्ब करंटला लगाम घालतो. तो गाळून बॅटरी थेट कॉइलला लावलीत तर मीटरचा फ्यूज जाऊ शकतो.

२. दुसरा मीटर डीसी व्होल्टवर ठेवून त्याच्या पिना केबलच्या तांब्यालाच लावा, बॅटरीच्या क्लिपना नाही. क्लिपच्या पकडीतला रोध मोजमापात येऊ नये म्हणून हे. या एका खबरदारीवर अचूकता अवलंबून आहे.

३. दोन्ही आकडे एकाच वेळी वाचा. व्होल्टेज भागिले करंट म्हणजे रोध. दीड स्क्वेअरच्या ९० मीटर कॉइलमध्ये साधारण १.५६ अँपिअर वाहील आणि १.८७ व्होल्ट दिसतील, म्हणजे १.२० ओहम.

४. आलेला रोध २० अंशावर आणा: ३५ अंश तापमान असेल तर १.०५९ ने भागा, ४२ अंश असेल तर १.०८६ ने. जळगावात मे महिन्यात मोजलेली चांगली कॉइल ही दुरुस्ती न करता नापास ठरेल, दुकानदारावर उगाच आरोप होईल.

दुरुस्तीनंतर दीड स्क्वेअरची ९० मीटर कॉइल १.२० ओहमपेक्षा जास्त निघाली तर तांबे कमी आहे, अशुद्ध आहे किंवा लांबी जास्त आहे. शेवटची शक्यता फार क्वचित खरी ठरते. पण उलट बाजूही लक्षात ठेवा: कॉइल ९० ऐवजी ८० मीटरच भरली असेल तर बारीक तांबेही या परीक्षेत पास होईल. म्हणून लांबी मोजल्याशिवाय रोधावर निकाल देऊ नका.

बसवलेली केबल तपासताना मोटरची टोके सोडवा आणि तिकडे तिन्ही तारा एकत्र घट्ट बांधा. आता स्टार्टरकडून जोड्या मोजा. वर धरलेल्या ८० मीटर अडीच स्क्वेअरला प्रत्येक जोडी २० अंशाला १.२८ ओहम यायला हवी. समजा आर-वाय १.२८ आली, पण वाय-बी आणि बी-आर १.६० आल्या. ज्या दोन जोड्या वाढल्या त्यांच्यात सामायिक तार बी, दोष तिच्यात. तिचा रोध = (१.६० + १.६० − १.२८) ÷ २ = ०.९६, म्हणजे असायला हवा त्यापेक्षा ०.३२ जास्त. एखादा जोड सैल झाला आहे किंवा कुजला आहे. मोटर न उपसताही वाइंडिंगसकट तिन्ही जोड्या मोजता येतात. त्या दोन-तीन टक्क्यांत सारख्या असाव्यात. नसतील तर दोष जोडात असेल किंवा वाइंडिंगमध्ये, ते मोटर वर काढल्यावरच कळेल.

मेगरचे माप याहून वेगळे. मेगर तारेचा रोध मोजत नाही, तारेभोवतीच्या इन्सुलेशनचा मोजतो. तो आकडा मेगाओहममध्ये आणि जितका मोठा तितका चांगला. मेगर चांगला आला म्हणजे जोड चांगला, असे नाही.

जोड

वरच्या उदाहरणातला ०.३२ ओहम दिसायला किरकोळ आहे. पण केबलचा रोध ८० मीटरवर पसरलेला असतो, हा मात्र दोन सेंटिमीटरमध्ये साठलेला आहे. ९ × ९ × ०.३२ = २६ वॅट, म्हणजे लहान सोल्डरिंग आयर्न टेपखाली गुंडाळून ठेवल्यासारखे. पीव्हीसी वितळते, तांबे काळे पडते, काळा थर रोध आणखी वाढवतो. शिवाय एका फेजला व्होल्टेज कमी मिळते. तीन फेजच्या व्होल्टेजमध्ये एक टक्क्याचा असमतोल झाला तरी मोटरच्या करंटमध्ये सहा-दहा टक्क्यांचा होतो आणि मोटर एकाच वाइंडिंगवर जळते. मोटर जळून आली आणि एकच फेज काळी दिसली, तर रिवाइंडिंगवाल्याच्या हातात ती देऊन मोकळे होऊ नका, जोड शोधा.

तांबे-अॅल्युमिनियम एकमेकांना पिळून जोडणे ही सगळ्यात महागात पडणारी सवय आहे. अॅल्युमिनियमवर हवेने लगेच ऑक्साइडचा थर चढतो आणि तो वीज वाहू देत नाही. ओल मिळाली की दोन धातूंमध्ये रासायनिक क्रिया होऊन अॅल्युमिनियम खाल्ले जाते. गरम-थंड होताना अॅल्युमिनियम तांब्यापेक्षा जास्त फुगते-आकसते आणि दाबाखाली हळूहळू पसरते, म्हणून पक्का आवळलेला स्क्रूही काही महिन्यांत सैल होतो. स्टार्टरच्या पितळी टर्मिनलला अॅल्युमिनियमचे टोक थेट घालू नका, त्याला बायमेटल लग (एका बाजूला अॅल्युमिनियम, दुसऱ्या बाजूला तांबे असलेले टोक) लावा. अॅल्युमिनियम तारेच्या ब्रशने घासा, त्याच मिनिटाला जॉइंटिंग कंपाउंड लावा, लग घाला आणि त्या मापाच्या डायने क्रिंप करा, म्हणजे दाबून घट्ट बसवा. पक्कडीने चेपलेला लग क्रिंप झालेला नसतो, तो फक्त वाकडा झालेला असतो.

सबमर्सिबलच्या जोडासाठी तांब्याची फेरूल, म्हणजे दोन तारांची टोके आत घालून दाबायची नळी, वापरा. तिन्ही कोअर वेगवेगळ्या लांबीवर कापा, म्हणजे तीन जोड एकमेकांवर येत नाहीत आणि केबल एके ठिकाणी फुगत नाही. तारा काळ्या असतील तर लाल, चकचकीत तांबे दिसेपर्यंत केबल मागे कापा. पॉलिश पेपरने वरच्या तारा उजळतात, आतल्या तशाच काळ्या राहतात. फेरूलला दोन्ही बाजूंनी दोन-दोन दाब द्या आणि ओढून पाहा. वर गोंदाची हीट श्रिंक स्लीव्ह किंवा रबर टेप ताणून गुंडाळा, त्यावर पीव्हीसी टेप. जोड बादलीभर पाण्यात तासभर बुडवून ५०० व्होल्टच्या मेगरने तपासा, मगच मोटर खाली सोडा.

एक केबल पुरत नाही म्हणून तिच्या जोडीने दुसरी समांतर टाकतात. दोन्ही एकाच मापाच्या, एकाच लांबीच्या असतील आणि दोन्ही टोकांना जोड सारखे असतील तर रोध निम्मा होतो. एकीचा जोड सैल झाला तर सगळा करंट दुसरीकडे वळतो आणि बाहेरून काहीच कळत नाही. असे केले असेल तर क्लॅम्प मीटर (तारेभोवती चिमटा लावून करंट मोजणारा) दोन्ही केबलच्या त्याच फेजवर आळीपाळीने लावून करंट निम्मा-निम्मा आहे ना, हे मोसमात एकदा पाहावे.

नवी केबल टाकली की त्याच दिवशी तीन जोड्यांचे रोध, हवेचे तापमान, मोटर चालू असताना पेटीजवळचे आणि स्टार्टरवरचे व्होल्टेज, तिन्ही फेजचे करंट आणि तारीख हे सगळे मार्करने स्टार्टरच्या झाकणाच्या आतल्या बाजूला लिहा. पुढच्या उन्हाळ्यात मोटर ओढेनाशी झाली, तर वायरमन झाकण उघडल्याबरोबर त्याच्या समोर तुलनेचे आकडे असतील.